उमा टिपणिसांनी निवडलेलं घर

कुठल्या वयात माणसाने कुठल्या वस्तीत राहावं, या विषयावर दिनानाथ टिपणीस तासभर बोलू शके. ऐकणारा उठून गेला नाही तर दोन तास. नोकरी नवी असेल तेव्हा स्टेशनाजवळ, लग्न झालं की देवळाजवळ म्हणजे बायकोचं मन रमतं, मुलं हाताशी आली की कॉलेजजवळ आणि पेन्शनीत नदीकाठी. हे सगळं तो बोटं मोजत सांगे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता. नवे लागलेले कारकून खोली शोधायला निघण्याआधी त्याच्या टेबलाशी येत, आणि तो त्यांना असं काही सांगे की जणू अख्खा ठाणे जिल्हा त्याच्या सल्ल्याने वसलाय.

त्याची बायको उमा हे ऐकत आली होती. पेणच्या एका शाळामास्तराची ती मुलगी, मराठी सातवी फायनल पास. आपलं मन कुठे रमतं हे तिला लग्न झाल्यापासून एकदाही कुणी विचारलं नव्हतं. तोंडाने ती ‘अहो’ म्हणे, चहा पुढे करी, आणि मनातल्या मनात या माणसाला एकेरीवर आणून ठेवी.

पेण सोडून ती मंडळी अंबरनाथला आली ती अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. मुलगा बाळ तेरा वर्षांचा, मुलगी कुंदा अकराची. दिनानाथने शिवमंदिराजवळ बनूबाई नावाच्या फूलवालीच्या घरामागच्या दोन खोल्या घेतल्या. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर त्याला देवळाजवळ राहायचं सुचलं, हे एक असो. पण तिथे राहिले त्या दोन वर्षांत तो गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली गेला तो पाहुणे आले तेव्हाच. पाहुण्यांना तो भिंतीवरची शिल्पं समजावून सांगे. नाचणाऱ्या बाईला पार्वती म्हणे, पार्वतीला लक्ष्मी म्हणे, आणि दाढीवाला कुणीही दिसला की ‘हा ज्याने देऊळ बांधलं तो राजा’ म्हणून मोकळा होई. पाहुणे माना डोलवत. उमा मागे उभी राहून वालधुनी नदीच्या पाण्याकडे बघत राही. महाशिवरात्रीला जत्रेचे लोक अंगणात चुली मांडत, विहिरीचं पाणी दुपारपर्यंत तळाला जाई, आणि नवरा ऑफिसातल्या साहेबाला सांगे, ‘आमची मिसेस अगदी देवाच्या दारात राहते.’

मैल दीड मैलावर निर्वासितांची छावणी होती. लढाईच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं भरली होती. त्या वस्तीला सरकारने उल्हासनगर हे नवं नाव दिलं तरी अंबरनाथकर तिला ‘कॅम्प’च म्हणत. तिथल्या बायका कापडाचे तुकडे, सुया, रिळं घेऊन दारोदार येत. त्यांतली जेठीबाई ही उमाच्या ओळखीची झाली. सिंधमधल्या हैदराबादच्या एका शाळामास्तराची ती बायको. वाटेतच कुठेतरी नवरा वारला होता. ओसरीवर बसून ती पाणी मागे, आणि पाणी प्यायल्यावर भांडं स्वतः विसळून पालथं घाली. दिनानाथला ते खपत नसे.

‘या लोकांना ओसरीवर चढवू नकोस,’ तो म्हणे. ‘दोन वर्षांत निघून जातील, बघ. टिकणारे लोक नाहीत हे.’

सगळं सोडून आलेली माणसं पुन्हा कशाला आणि कुठे निघून जातील, हा प्रश्न उमाने त्याला विचारला नाही. त्याच्या डोक्यात तो कधी शिरला नसता.

पन्नास साली दौलतराव या घरात शिरला. अंबरनाथच्या पूर्वेला त्याची बरीच भातजमीन होती. कोटाच्या खिशात दोन फाउंटन पेनं असत, त्यांतलं एकही उमाने कधी उघडलेलं पाहिलं नाही. त्याने गावात कॉलेज काढायचं ठरवलं. म्हणजे तसं जाहीर केलं. समिती नेमली, नऊ माणसांची. वकील, डॉक्टर, भाताच्या गिरणीचा मालक आणि बाकीचे कुठेही चहा असेल तिथे जाणारे. इंग्रजीत पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून दिनानाथला सेक्रेटरी केलं. त्या दिवशी तो घरी आला तो चपला न काढताच माजघरापर्यंत.

‘उमा, अंबरनाथ कॉलेजचं गाव होणार! पुढच्या दहा वर्षांत इथे प्रोफेसर राहतील, वकील राहतील. आपण आधीच जाऊन बसायचं. बाळ मॅट्रिक होईपर्यंत कॉलेज दारात.’

‘कुणाच्या दारात?’

‘आपल्या! दौलतरावांनी कॉलेजला जागा दिलीय ना, तिच्या समोरच एक घर आहे त्यांचं.’

पायाचा दगड बसवायचा समारंभ थाटात झाला. मांडव पडला, सनई लागली. मुंबईहून कुणीतरी बडा माणूस येणार होता, तो आला नाही. त्याच्या जागी गिरणीच्या मालकाने थापी हातात धरली. दौलतरावाने भाषणात सांगितलं की ज्ञानाची गंगा आता या शेतातून वाहणार. शेताच्या कडेला त्याचा कारभारी टेबल मांडून बसला होता. आजूबाजूच्या जमिनीचे प्लॉट कुणाला हवे असतील त्यांची नावं तो लिहून घेत होता. समारंभ संपेपर्यंत टेबलाभोवती मांडवापेक्षा जास्त गर्दी झाली. उमाने ती गर्दी बघितली आणि तिला जे समजायचं ते समजलं. शेजारी दिनानाथ टाळ्या वाजवत होता.

महिन्याभरात ते त्या घरात राहायला गेले. वस्तीपासून अर्धा कोस लांब, चारी बाजूंनी भातखाचरं. पावसाळ्यात टांगेवाला नाक्यावरच उतरवून देई. साप निघत. भाजीवाली येत नसे, कल्हईवाला येत नसे, जेठीबाई मात्र चिखल तुडवत येई. समोर पायाचा दगड होता, त्याच्याभोवती कुंपण घातलं होतं. पहिल्या वर्षी त्या कुंपणाचे काही बांबू कुणीतरी नेले, दुसऱ्या वर्षी उरलेले. तिसऱ्या वर्षापासून म्हशी दगडाला अंग घासू लागल्या.

समितीच्या बैठका मात्र नियमाने होत, दर रविवारी, टिपणिसांच्या घरी. नऊ माणसांचे पोहे उमा करी. ती मंडळी बशीतले शेंगदाणे वेचून आधी खात आणि मग ठराव करत. कॉलेजच्या बोधचिन्हात कमळ असावं की समई, यावर तीन रविवार गेले. प्रिन्सिपॉलला बंगला द्यावा की नाही यावर डॉक्टर आणि वकील यांचं बोलणंच बंद झालं. इतकी मोठी माणसं इतक्या गंभीर चेहऱ्याने इतकं निरर्थक बोलू शकतात, हे उमाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पुढे पुढे तिने पोह्यांत नारळ घालणं बंद केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो बाळ एक्कावन्न साली मॅट्रिकला बसला आणि नापास झाला. बावन्न साली पुन्हा बसला, पुन्हा नापास. पोरगा मठ्ठ नव्हता, पण पुस्तक उघडलं की त्याचे डोळे मिटत आणि सायकलची चेन उघडली की उघडत. दुसऱ्या निकालानंतर तो बापासमोर उभा राहिला.

‘अण्णा, मी कारखान्यात उमेदवारीला लागतो. मला लेथवर बरं वाटतं.’

‘हेडक्लार्कचा मुलगा हात काळे करणार?’

‘साबणाने जातात ते,’ बाळ म्हणाला.

तो लागला, आणि दोन वर्षांत चांगला फिटर झाला. दिनानाथ लोकांना सांगे की मुलगा ‘टेक्निकल लाइन’ला गेलाय.

राहिली कुंदा. या मुलीकडे तिच्या बापाचं कधी नीट लक्षच गेलं नव्हतं. चिखलातून फ्रॉक वर धरून ती शाळेला जाई, रूळ ओलांडून. त्रेपन्न साली ती मॅट्रिक झाली, शाळेतल्या मुलींत पहिली, संस्कृतात तर सगळ्यांत पहिली. दिनानाथने ऑफिसात पेढे वाटले. घरी आला तो फुगूनच.

‘अण्णा, मला कॉलेजात जायचंय,’ कुंदा म्हणाली. ‘हेडबाई म्हणाल्या की मुंबईला मुलींचं वसतिगृह आहे. त्या पत्र देतील.’

‘मुंबईला? वेड लागलंय का? कॉलेज आपल्या दारात येतंय. एक वर्ष थांब.’

‘नाही आलं तर?’

‘सेक्रेटरीची मुलगी बाहेरच्या कॉलेजात गेली तर लोक काय म्हणतील? ह्याचाच ह्याच्या कॉलेजवर विश्वास नाही म्हणतील. मी कुणाला तोंड दाखवू? वर्षभर थांब, पहिलं नाव तुझंच घालतो.’

पोरीने आईकडे बघितलं. आणि इथे उमा गप्प बसली. तिला सगळं माहीत होतं. त्या शेतात बाकं येणार नाहीत की काळा फळा येणार नाही, हे, तिला कारभाऱ्याचं टेबल पाहिलं त्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायला बसली. कुंदाने सुईदोरा हाती घेतला. त्या वर्षभरात तिने सतरा उशांचे अभ्रे भरतकाम करून काढले. घरात उशा चारच होत्या.

चोपन्नच्या मे महिन्यातल्या एका रविवारी समिती बसली होती. उमा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तर मध्ये सतरंजीवर एक मोठा नकाशा पसरलेला. दौलतराव बोट फिरवत सांगत होता, एवढे प्लॉट गेले, एवढे राहिलेत. उमाला नकाशा वाचता येत होता. तिच्या वडिलांनी शिकवला होता. आपलं घर तिने शोधलं. घरासमोर, जिथे पायाचा दगड, तिथे लाल शाईने आठ चौकोन पाडले होते आणि त्यांतल्या पाचांत नावं होती.

तिने ट्रे खाली ठेवला.

‘दौलतराव, यांतल्या कुठल्या प्लॉटवर कॉलेज?’

सगळे वर बघू लागले. त्या घरात चार वर्षं पोहे खाऊन त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला असावा.

‘वहिनी, ते जरा तात्पुरतं आहे,’ दौलतराव हसून म्हणाला. ‘कॉलेजला दुसरी जागा बघू. याहून मोठी देऊ.’

‘ह्या आठांत माझ्या मुलीचं बाक कुठे येतं, तेवढं दाखवा.’

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. वकिलांना एकाएकी छत बघावंसं वाटलं. दिनानाथ लाल झाला.

‘तू आत जा,’ तो म्हणाला. ‘तुला यातलं काही कळत नाही.’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

तो नकाशाची घडी करू लागला. ठाऊक होतं. नकाशावरची नावं त्याच्याच अक्षरात होती. ते वळणदार अक्षर, ज्याची ऑफिसात सगळे तारीफ करत.

उमा आत गेली. चीड येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो वीट. या माणसाला आपण इतकी वर्षं निदान मूर्ख समजत होतो. मूर्ख माणसाला माफ करता येतं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ ऑफिसला गेल्यावर तिने कुंदाला बरोबर घेतलं आणि टांगा करून कॅम्प नंबर तीन गाठला. जेठीबाईने तिला मागे एकदा सांगितलं होतं की तिची मुलगी गोपी कॉलेजात जाते. बराकीत कॉलेज भरतं म्हणे! तेव्हा उमाने ते थट्टेवारी नेलं होतं. आता ती एका लांबलचक पत्र्याच्या बराकीसमोर उभी होती. आत मेच्या सुट्टीतही पन्नास-साठ मुलं-मुली खाली सतरंजीवर आणि फळकुटांवर बसली होती, आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ त्यांना घाम पुसत पुसत काहीतरी शिकवत होते. तेच प्रिन्सिपॉल. कराचीच्या कॉलेजात त्यांनी अठरा वर्षं काढली होती. त्यांनी कुंदाचा मार्कांचा कागद पाहिला, खिशातून दुसरा चष्मा काढून पुन्हा पाहिला.

‘संस्कृत?’ ते म्हणाले. ‘बेटी, एक साल क्या किया?’

कुंदाने खाली बघितलं. उमाने उत्तर दिलं, ‘गलती हमारी है.’

‘छत टिन की है, माँजी. गर्मी बहुत. लेकिन पढ़ानेवाले पक्के हैं. सुबह सात बजे क्लास.’

सकाळी सात म्हणजे शेतातल्या त्या घरातून साडेपाचला निघायला हवं, चिखलातून एकटीने. ते जमण्यासारखं नव्हतं. उमाने तिथेच ठरवलं. जेठीबाईच्या बराकीला लागून एक खोली रिकामी होती, गोणपाटाचा पडदा लावून दोन भाग केलेली. मोरी बाहेर, नळ चाळीस पावलांवर. तिने खोली बघितली, भिंतीवर हात फिरवला आणि जेठीबाईला हो म्हणून आली.

संध्याकाळी दिनानाथने ऐकलं आणि आधी हसला.

‘टिपणीस कॅम्पात राहणार?’

‘टिपणीस इथेच राहतील. मी आणि कुंदा जाणार.’

‘अगं, लोक काय म्हणतील? नवरा जिवंत असताना बाई निर्वासितांत जाऊन राहते?’

‘मुलं हाताशी आली की कॉलेजजवळ राहावं, हे तुम्हीच सांगता ना साऱ्यांना? मी ऐकलं तुमचं.’

‘मी परवानगी देत नाही.’

‘मागितली नाही.’

इतकं बोलून ती पाटावर बसली आणि ट्रंकेत घालायच्या कपड्यांच्या घड्या करू लागली. त्या आठवड्यात बाळने सुट्टी काढली, ट्रंका टांग्यावर चढवल्या आणि स्वतः मागे सायकलवर गेला. दिनानाथ ओसरीवर पेपर उघडून बसला होता. पेपर आदल्या दिवशीचा होता.

कॅम्पात सगळं गोड होतं असं काही नाही, आणि उमाही कुणाला चांगलं म्हणायच्या घाईत नव्हती. गटारांचा वास, पत्र्यावरची धग, नळावरची भांडणं. तिथल्या बायका इतक्या मोठ्याने बोलत की पहिला महिना तिला सारखं वाटे, कुणीतरी मेलं. तिथेही समित्या होत्या, तिथेही दौलतराव होते, फक्त टोप्या वेगळ्या. पण एक गोष्ट तिने पाहिली. इथे कॉलेज काढायचं तर लोकांनी आधी कॉलेज काढलं, दगडबिगड मागून बघू म्हणाले.

सिंधी मुलींना शिक्षिकेच्या, टपाल ऑफिसच्या नोकऱ्या हव्या होत्या आणि त्यासाठी मराठीची परीक्षा द्यावी लागे. गोपीने आपल्या दोन मैत्रिणी उमाकडे आणल्या. वर्षभरात त्या बावीस झाल्या. दुपारी गोणपाटाच्या पडद्याच्या अलीकडे ती त्यांना शिकवी. ‘ती पुस्तक’ म्हटलं की पट्टी आपटे. ‘ते पुस्तक! पुस्तक काय तुझी मावशी आहे?’ पोरी हसत, ती हसत नसे. ‘टीचर’ म्हणून तिचं नाव बराकींमध्ये पसरलं. चाळिशी उलटल्यावर आपण कुणाच्या उपयोगी पडतो, हे तिला कुणी दाखवलं तर ज्यांना ओसरीवर चढवू नकोस असं सांगितलं होतं त्यांनी.

दिनानाथने ऑफिसात सांगितलं की मिसेस हवापालटासाठी गेलीय. कॅम्पात हवापालट! कारकून तोंडावर हात धरून हसले. घरी जेवणाची आबाळ होऊ लागली तसा बाळ सकाळी डबा करून ठेवी. फिटरच्या हातचा वरणभात हेडक्लार्क मुकाट्याने खाई. महिन्यातून एखादे वेळी तो कॅम्पात येई, उभ्याउभ्या. खुर्ची दिली तर रुमालाने पुसून टेके, आणि कुंदाला विचारी, ‘काय, बराक युनिव्हर्सिटी काय म्हणते?’ कुंदा म्हणे, ‘पास झाले, अण्णा.’ दर वर्षी तेच उत्तर मिळू लागलं तसा त्याने तो प्रश्न सोडून दिला.

छप्पन्न साली तो रिटायर झाला. आता पेन्शनीत नदीकाठी. बदलापूरला मांजर्लीत उल्हास नदीच्या कडेला त्याने एक प्लॉट घेतला, आणि तो कुणाकडून घेतला? दौलतरावाकडून. हे उमाला कळलं तेव्हा तिने हातातली पट्टी खाली ठेवली. एकाच खड्ड्यात दोनदा पडायचं तर खड्ड्याचीही थोडी ओळख व्हायला हवी. पण या माणसाला खड्ड्याने कोट घातला होता तेवढं पुरे होतं.

घर उठलं. वास्तुशांतीला ती गेली. तेवढी लाज तिने राखली. घर दिसायला देखणं होतं, मंगलोरी कौलं, नदीकडे तोंड केलेला ओटा. शेजारी वेणूबाई नावाची शेतकरीण होती, ती भाताची कणसं सुपात घेऊन बघायला आली होती. उमाला तिने बाजूला घेतलं आणि मोठ्या चिंचेकडे बोट केलं.

‘बाय, तुमच्या मालकांस्नी सांग. पानी ह्या फांदीपत्तोर येतं. माझ्या सासऱ्यानं खिळा मारलाय बघ तितं. आमी कुनी हितं घर नाय बांदत, म्हनून तर जागा मोकळी व्हती.’

खिळा उमाच्या डोक्याहून हातभर वर होता. तिने नवऱ्याला नेऊन दाखवला.

‘अडाणी लोकांच्या गोष्टी,’ तो म्हणाला. ‘दौलतरावांनी स्वतः सांगितलंय, पन्नास वर्षांत पाणी चढलेलं नाही.’

‘दौलतराव इथे राहतात?’

‘तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय लागलीय, तिकडे राहिल्यापासून.’

ती दुपारच्या गाडीने परत आली.

अठ्ठावन्न साली जूनमध्ये कुंदा बी.ए. झाली, संस्कृत घेऊन, दुसऱ्या वर्गात. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बराकीत जिलबी वाटली. महिन्याभरात तिथल्याच मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली.

आणि जुलैअखेर तीन दिवस धो धो कोसळून चौथ्या दिवशी सकाळी उल्हास नदी दिनानाथ टिपणिसाच्या ओट्यावर आली. नऊला ओट्यावर होती, दहाला माजघरात. तो आधी ट्रंका पलंगावर चढवत बसला, मग पलंगच हलू लागला. वेणूबाईचा नवरा हिंदुराव कमरेएवढ्या पाण्यातून दोर घेऊन आला आणि याला बखोटीला धरून आपल्या उंचावरच्या घरी घेऊन गेला. त्यांच्या भाताच्या माळ्यावर, तीन शेरडं आणि एक म्हातारी यांच्याबरोबर, दिनानाथ दोन दिवस बसून होता. वेणूबाईने भाकरी दिली. ती त्याला म्हणाली, ‘खिळा बुडला का न्हाई अजून, तेवडं बघून सांगा.’ त्याने बघितलं नाही. बाळ पाणी ओसरल्यावर गेला तेव्हा घराची नदीकडची भिंत नव्हती. कौलं होती, खाली पडलेली.

बाळने त्याला कॅम्पात आणलं, कारण दुसरं कुठे आणणार? बाळ स्वतः कारखान्याच्या एका खोलीत तिघांबरोबर राहत होता. दिनानाथ दारात उभा होता. अंगात हिंदुरावाचा सदरा, बाह्या बोटांवर लोंबणाऱ्या. उमाने त्याला बघितलं. इतकी वर्षं मनात साठवलेली वाक्यं होती, एकाहून एक धारदार. त्या सदऱ्यासमोर एकही बाहेर काढण्याच्या लायकीचं वाटलं नाही. तेवढाही हा माणूस उरला नव्हता.

‘पाय धुवा,’ ती म्हणाली. ‘नळ तिकडे आहे. आपली बादली निळी.’

चाळीस पावलं चालत तो गेला. नळावर सात-आठ सिंधी बायका होत्या. त्याला वाटलं असेल, आपल्याला पुढे जाऊ देतील. कुणी दिलं नाही. जेठीबाईने त्याला रांगेचं टोक दाखवलं. तो तिथे उभा राहिला.

त्यानंतर तो तिथेच राहिला. दुपारी पोरी मराठी शिकायला येत तेव्हा तो पडद्यापलीकडे पडून असे. पहिले काही दिवस आतूनच चुका सुधारायचा प्रयत्न करून पाहिला, तर गोपी म्हणाली, ‘टीचर, अंदर कोई और भी पढ़ता है क्या?’ मग थांबला. सकाळी पाणी भरायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. ते तो नीट करी, एवढं उमाने कबूल केलं.

कुंदाला शाळेने पुढल्या वर्षी अंबरनाथकडे चांगल्या वस्तीत घर शोधून द्यायची तयारी दाखवली. ती आईला विचारायला आली, बापाला नाही.

‘आई, आपण जायचं का तिकडे?’

उमा चटईवर वह्या तपासत होती. ‘तू जा हवं तर. मी बावीस पोरी सोडून जाणार नाही.’

‘मग मीही नाही जात.’

‘माझ्यासाठी थांबू नकोस हं,’ उमा एकदम कडाडली. ‘एकदा थांबलीस ना एक वर्ष! तेव्हा मला तोंड नव्हतं. नवरा खोटारडा होता तो होता. पण मी भाजी चिरत बसले होते, कुंदा. सगळं दिसत असताना.’

पडद्यापलीकडे खाट करकरली आणि गप्प झाली.

कुंदाने आईच्या हातातली वही काढून घेतली, तिच्याजवळ बसली आणि लाल पेन्सिलीने पुढची चूक स्वतः गोल केली.

‘शाळा इथून पाच मिनिटांवर आहे,’ ती म्हणाली. ‘उगीच टांग्याला पैसे कशाला?’

त्या पोरीची वही संपली तशी दोघींनी दुसरी उघडली.